मॅग्नेटोवरचं सील

कॉलनीत त्यांना सगळे कुलूपराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वकष्टाने कमावलं होतं. पस्तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, पण सहीशिवाय एक खिळा हातून सुटू दिला नाही. निवृत्त झाल्यावर स्टोअर सुटलं, सवय काही सुटली नाही. घराच्या फाटकाला दोन कुलपं होती आणि दुसऱ्याची किल्ली कुठे असते हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

अशा माणसाने एका सकाळी मागच्या खोलीचं कुलूप काढलं आणि एकोणीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली वडिलांची मोटरसायकल बाहेर ओढली. स्वखुशीने नव्हे. खोलीचं छप्पर गळत होतं आणि बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, "एक तर ही गाडी चालू होईल, नाहीतर भंगारात जाईल. छप्परवाला सोमवारी येतोय. काय ते ठरवा."

दुसरं कारण त्यांनी बायकोला सांगितलं नाही. त्यांना पुरावा हवा होता, सख्ख्या भावाविरुद्धचा.

वडील शिंपी होते. ते गेल्यावर दुकान, कात्र्या आणि माप घ्यायची टेप थोरल्याला, म्हणजे दादाला मिळाली, मोटरसायकल धाकट्याला, म्हणजे कुलूपरावांना. ती टेप म्हणजे घरातली थट्टाच होती. दर काही वर्षांनी ती पुढून आखूड व्हायची. आधी एक इंच गेला, मग दोन, शेवटी तीन. वडील नवी घेत नसत. ते माप पुकारायचे आणि शेजारी बसलेला धाकटा वहीत तीन वजा करून लिहायचा. दादाची वजाबाकी कच्ची, म्हणून हा मान धाकट्याचा. टेप कोण कापतं हे कुणालाच कळलं नाही. धाकट्याचा संशय अर्थातच दादावर होता.

वडील मोटरसायकलवरून फिरले ते शेवटच्या संध्याकाळपर्यंत. नंतर महिनाभर ती दुकानासमोर उभी होती, आणि मग एक दिवस दादा ती ढकलत धाकट्याच्या दारात घेऊन आला. "चालूच होत नाही रे," तो घाम पुसत म्हणाला, "किक मारून मारून पाय गेला माझा."

कुलूपरावांनीही किका मारल्या. इंजिनात ठिणगीच पडेना. त्या गाडीत ठिणगी पाडतो तो मॅग्नेटो, इंजिनाला चिकटून बसलेला मुठीएवढा डबा. अस्सल मिळणं तेव्हाही मुश्कील होतं. कुलूपरावांचा हिशेब जागच्या जागी जुळला. दादाने अस्सल काढला, विकला आणि भंगार बसवलं.

"उघडून बघ की," दादा म्हणाला.

"बघेन. विश्वासाचा माणूस मिळाला की त्याच्यासमोरच उघडेन."

त्यांनी मॅग्नेटोच्या झाकणावरून कागदाची पट्टी फिरवली, लाख ओतली, सही केली, तारीख टाकली. विश्वासाचा माणूस एकोणीस वर्षांत मिळाला नाही. त्यांना तो मिळणार तरी कुठून? दादाशी बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. दादाकडे कपडे शिवायचे नाहीत आणि दुसऱ्या शिंप्यावर भरवसा नाही, म्हणून ते तयार शर्ट घालत. त्या शर्टांचे खांदे नेहमी दंडावर उतरलेले असत.

जुन्या गाड्यांचं काम करणारं एकच गॅरेज उरलं होतं, मेस्त्रीबाईंचं. बाईंना वडिलांकडून गॅरेज आणि जीभ, दोन्ही वारशाने मिळालेली. गाडीभोवती एक फेरी मारून त्या म्हणाल्या, "काका, गाडी सोडून जा. दहा दिवसांनी या."

"मी इथेच बसणार. रोज."

"बसा की. पण बसलेल्या माणसाला मी काम लावते."

कुलूपराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गाडी आणण्याआधीच त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशने सव्वीस भागांवर बारीक लाल ठिपके दिले होते आणि यादी खिशात ठेवली होती. एक भाग बदलला तर लगेच कळणार.

काम सुरू झालं. पिस्टन गंजून जाम बसला होता. बाईंनी प्लगच्या भोकातून तेल ओतलं आणि चार दिवस गाडीला हात लावला नाही. कुलूपराव चारही दिवस खोक्यावर बसून न हलणाऱ्या गाडीवर पहारा देत राहिले. पाचव्या दिवशी बाईंनी गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे हिसकलं, तेव्हा आत काहीतरी कुरकुरलं आणि सुटलं. टाकीतला गंज सुटावा म्हणून पाणी आणि नट-बोल्ट घालून ती खळखळा हलवायचं काम मात्र काकांना लागलं. बाहेर आलेलं पाणी विटकरी होतं.

सातव्या दिवशी ते जेवून परत आले तर बाकावर सगळे भाग लखलखीत मांडून ठेवलेले. त्यांनी चष्मा चढवला. कार्ब्युरेटरवर ठिपका नाही. ब्रेकच्या पट्टीवर नाही. सव्विसांतल्या एकावरही नाही.

"बदललेत!" ते ओरडले. "एका जेवणाच्या वेळेत सगळे बदललेत तुम्ही!"

मेस्त्रीबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "काय बदललं?"

त्यांनी यादी समोर धरली. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि कोपऱ्यातला डबा पायाने पुढे सरकवला. तळाशी गुलाबी गढूळ थर होता. "थिनरने धुतलेत, काका. नेलपॉलिश थिनरमध्ये टिकत नाही, हे काकूंना विचारलं असतं तर फुकटात कळलं असतं."

कुलूपराव ओशाळले. पण ओशाळलेला संशय मरत नाही, तो जागा बदलतो. "ते सील उघडायचं राहिलंय," ते म्हणाले. "खरी चोरी तिथे आहे."

"मग इकडे बसा. नाक लावून बघा."

त्यांनी आधी स्वतःची सही तपासली. लाख शाबूत होती. मग त्यांनीच पट्टी फाडली, बाईंनी स्प्रिंग बाजूला केली आणि बाटलीच्या बुचाएवढं झाकण नुसत्या बोटांनी निघून आलं. आत धातूचे दोन बारीक ठिपके, म्हणजे पॉइंट, समोरासमोर होते. ते एकमेकांना टेकले आणि सुटले की ठिणगी पडते. पण ते टेकत नव्हते. मधे काहीतरी पिवळट अडकलं होतं.

बाईंनी चिमट्याने ते ओढून काढलं आणि हसायला लागल्या. "काका, या गाडीला चावी नसते. कुणीही किक मारून न्यावी. म्हणून जुनी माणसं गाडी लावताना इथे अशी पट्टी सरकवायची. ती काढल्याशिवाय ठिणगी नाही. मॅग्नेटो अस्सल आहे हो, ठणठणीत!"

त्यांनी पट्टी कुलूपरावांच्या तळहातावर ठेवली. मेणकापडाची, नखाएवढी रुंद. एका कडेला तीनचा आकडा होता, उभा कापलेला, डावा अर्धा.

"टेप दादाकडेच होती," ते पुटपुटले. "त्यानेच घातली असेल."

"एकदा घातलेली पट्टी अशी दिसत नाही. हे डाग बघा. शेकडो वेळा चिमटलीय ही. कुणीतरी रोज घालत होतं, रोज काढत होतं."

आणि कुलूपरावांना रोजची संध्याकाळ आठवली. वडील दुकानासमोर गाडी लावून रस्त्याकडे पाठ करून इंजिनाशी वाकायचे, मग बोटं फडक्याला पुसायचे. तेल पुसतात असं त्यांना वाटायचं. वडिलांनी दोन्ही मुलांपैकी एकालाही हे सांगितलं नव्हतं. आपली कुलूप घालायची खोड कुणाकडून आली हे त्यांना आत्ता उमगलं.

"काखेत कळसा," मेस्त्रीबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा बघून प्लग पुसायला लागल्या.

सगळे भाग परत बसवल्यावर तिसऱ्या किकला गाडी पेटली. एकोणीस वर्षांनी तो आवाज ऐकून आनंद व्हायला हवा होता; कुलूपरावांना लाज वाटली, इतकी की त्यांना कुणाकडे बघवेना. कुणीही पोराने बोटाने उघडावं असं झाकण त्यांनी सही करून बंद ठेवलं होतं.

दादाचं दुकान दोन चौक पलीकडे होतं. आवाज ऐकून तो आधीच दारात आला होता, केस पिकलेले, गळ्यात तीच टेप. धाकटा गाडीवरून उतरला. दादाने त्याला आत ये म्हटलं नाही.

"सील तोडलंस?"

धाकट्याने पट्टी पुढे केली. "ही आत होती. पॉइंटमध्ये. बाबा घालायचे."

दादाने ती घेतली नाही. "आज सकाळी तू कापून आणली नाहीस कशावरून?"

हाच प्रश्न कुलूपरावांनी जन्मभर इतरांना विचारला होता. त्यांनी हात मागे घेतला नाही.

दादाने गळ्यातली टेप काढली, तिचं टोक पट्टीला लावलं. डावा अर्धा उजव्या अर्ध्याला मिळाला. तीन पूर्ण झाला.

"मी चोर नव्हतो रे," तो म्हणाला.

"माहीत आहे." मग कुलूपराव म्हणाले, "नाही, माहीत नव्हतं. चुकलो, दादा."

दादाने डोळे बाहीला पुसले आणि त्याची नजर धाकट्याच्या शर्टावर गेली. "हे काय घातलंयस? खांदे कुठे चाललेत तुझे? ये आत. पाठ कर."

धाकटा आत जाऊन पाठमोरा उभा राहिला. गाडी रस्त्यावर उघडीच होती, ती पट्टी टेबलावर पडली होती, आणि त्याने वळून पाहिलं नाही. टेप एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणली गेली.

"एकवीस," दादाने पुकारलं.

"अठरा," धाकटा म्हणाला.