मिर्यामचं सूतक

"पुढं वाचा ना, कुसुमबाई. थांबलात कशाला?"

कुसुमनं ओळीवर बोट धरून ठेवलं होतं. चष्मा नाकावर घसरला होता, पण तो वर सारायचाही तिला कंटाळा आला. "वाचते साहेब," ती म्हणाली आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"ही झाली. त्याच्या पुढची."

पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड भास्कर उजागरे, मूळचे अचलपूरकडचे. चाळीस वर्षांपूर्वी रायपुरात आले ते इथलेच होऊन गेले. तीन वर्षांखाली काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा सुनेनं दिवसभरासाठी कुसुमला ठेवलं. आंघोळीचं पाणी काढायचं, जेवायला वाढायचं, औषधं द्यायची, एवढंच काम ठरलं होतं. पण महिन्याभरातच साहेबांना कळलं की या बाईला मराठी धडाधड वाचता येतं. तेव्हापासून दुपारचे तीन तास वाचन आणि लिखाण. इस्राएल लोक मिसर देशातून निघाले आणि चाळीस वर्षं रानात भटकले, त्या काळातल्या बायबलमधल्या गोष्टी आणि नियम साध्या माणसाला उलगडून सांगणारं पुस्तक साहेब सांगत आणि कुसुम लिहून घेई. नागपूरच्या प्रकाशकाला ते शनिवारी पाठवायचं होतं. आज गुरुवार.

आज सकाळपासूनच कुसुमचं अंग जड झालं होतं. ऑफिसला निघताना वीणानं, साहेबांच्या सुनेनं, कामं सांगितली होती. नळवाला येईल, त्याला गच्चीवर ने. गॅसवाल्याचा फोन घे. पापाजींचं डोळ्यांचं औषध संपलंय. कुसुम प्रत्येक गोष्टीला "हव, हव" म्हणत गेली. तीन दिवसांच्या सुट्टीनंतर ती आली होती. घरी काम निघालं होतं, एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं.

तिनं पुढची ओळ वाचली. लोकांना पाणी मिळेना, म्हणून ते त्यांच्या पुढाऱ्यावर, मोशेवर उलटले आणि भांडू लागले. वाचता वाचता ती परत थांबली.

"साहेब, हिच्यासाठी कोणीच रडलं नाही काय?"

"कोणासाठी?"

"ही मिर्याम. मोशेची बहीण. एका ओळीत मेली, त्याच ओळीत पुरली. अन् लगेच दुसऱ्या ओळीत लोक भांडून राहिले, पाणी नाही म्हणून."

साहेबांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "आपल्याला इथं मोशेचा अपराध समजावून सांगायचाय. देवानं सांगितलं होतं, खडकाशी नुसतं बोल, पाणी येईल. यानं रागाच्या भरात दोनदा काठी हाणली. आज्ञा मोडली, म्हणून ज्या देशासाठी जन्मभर चालला तिथं त्याला पाऊल टाकता आलं नाही. घ्या लिहून."

कुसुमनं पेन उचललं नाही. "याचा भाऊ मेला तेव्हा?"

"अहरोन? त्याच्यासाठी लोकांनी तीस दिवस शोक केला. पुढं मोशे गेला, त्याच्यासाठीही तीस."

"अन् हिच्यासाठी?"

"त्याबद्दल शास्त्र काही सांगत नाही."

"हा मोशे तान्हा असताना पेटाऱ्यात घालून नदीत सोडला होता. तेव्हा काठावर उभी राहून राखण करणारी पोट्टी, ती हीच ना?"

"हीच, असं मानतात."

कुसुमनं बायबल मिटलं. इतक्या जोरात मिटलं की साहेब दचकले. तीन वर्षांत या बाईनं भांडंसुद्धा आपटलं नव्हतं.

"मग तो काठी हाणणारच, साहेब. मी तर कोणाचं तरी डोकं फोडलं असतं."

साहेबांनी मान तिच्या दिशेला वळवली. "तीन दिवस तुम्ही आला नाहीत. काय काम होतं घरी?"

"ताई गेली माझी. मागच्या इतवारी."

हे शब्द तिनं आज पहिल्यांदाच उच्चारले होते, आणि ते असे बाहेर पडले जसं कोणी भाजीचा भाव सांगावा. मग थोडं थोडं करून तिनं बाकीचंही सांगितलं. आई गेली तेव्हा सरोजिनी सोळा वर्षांची होती, कुसुम आठ आणि धाकटा भाऊ गुलाब पाच. सरोजिनीनं शाळा सोडली आणि रायपुरातल्याच तात्यापारा वस्तीतल्या दोन खोल्यांत शिलाई मशीन मांडली. दोघांना शिकवलं, दोघांची लग्नं केली. शाळेत हिंदी होती, म्हणून मराठी वाचायला घरी बसवून तिनंच शिकवलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. कुसुम सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली, तेव्हा ताईनं एकच विचारलं होतं, जेवलीस का. त्यानंतर दोघी तीस वर्षं एकाच ताटलीत शेंगदाणे खात राहिल्या.

"गुलाबराव भिलाईहून आला. त्याले रजा नव्हती. भटजींना म्हणाला, आटोपशीर करा. तिसऱ्या दिवशी नदीवर, महादेव घाटावर दहावं-तेरावं सगळं उरकलं. अन् मले भटजी म्हणाले, लग्न होऊन गेलेल्या बहिणीले सूतक तीनच दिवस. तुमचं फिटलं. मग आज आली मी कामावर."

साहेबांनी चाचपत वही तिच्याकडं सारली. मग म्हणाले, "मघाशी आपण मागचं प्रकरण तपासलं. मेलेल्याला जो शिवेल तो सात दिवस अशुद्ध, असा नियम आहे. मी त्यावर काय लिहिलंय?"

कुसुमनं वही उलटली. "लिहिलंय, मरण हे पापाचं फळ, म्हणून त्याचा विटाळ."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय समजते साहेब!"

"तरी."

कुसुमनं पदरानं चष्मा पुसला. "आमच्यात सूतक असलं की घरात चूल पेटत नाही. शेजारून डबा येते. कोणी काम सांगत नाही, कोणी बोलावत नाही. बाहेरचा माणूस म्हणते, विटाळ आहे, शिवू नका. आतली बाई म्हणते, बरं झालं, रडायले तर भेटलं."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "पन्नास वर्षं वाचतोय मी हे," ते हळू आवाजात म्हणाले. "सात दिवसांचा नियम, आणि त्याला लागूनच बहिणीचं मरण. अगदी शेजारी शेजारी. मोशेला ते सात दिवस कोणी दिलेच नाहीत. मी मात्र प्रत्येक उपदेशात त्यालाच दोषी ठरवत आलो." त्यांचा आवाज चढला, हात हवेत गेला. "हे प्रकरण काढून टाका, कुसुमबाई. दोन्ही प्रकरणं काढा. नव्यानं लिहू. घ्या कोरं पान..."

"साहेब, आज नाही होत. हात उठून नाही राहिला माझा."

साहेबांचा हात तसाच थांबला. मग त्यांनी तो सावकाश खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"घरी जा," ते म्हणाले.

"शनिवारी पुस्तक जायचंय ना?"

"घरी जा. दिवस पुरे करूनच या."

"माझे तीनच होते. फिटले."

"ते लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे. तुम्ही राहत कोणापाशी होता?"

कुसुम उठली. तिनं त्यांच्या चहाचा कप विसळून पालथा घातला, औषधाची बाटली हाताशी ठेवली, नळवाल्याला फोन करून उद्या ये म्हणून सांगितलं आणि निघाली.

संध्याकाळी वीणाचा फोन आला. "दीदी, पापाजी कह रहे हैं आप दस दिन पूरे करके ही आएँगी? नागपुर वालों को मैं क्या बोलूँ?"

"हमारी दीदी खत्म हो गई, मॅडम."

"आपने बताया क्यों नहीं?"

"तुम्ही नळवाल्याचं सांगून राहिल्या होत्या," कुसुम मराठीतच म्हणाली. वीणाला मराठी समजत असे.

दुसऱ्या दिवशी गुलाबरावचा फोन आला. "आता कायचं सूतक पाळून राहिली तू? झालं ना सगळं तीन दिवसांत!"

"तुझं झालं, गुलाब. माझं नाही झालं."

तिनं चूल पेटवली नाही. शेजारची पद्मिनीकाकू दोन्ही वेळेला डबा ठेवून जाई. पहिला दिवस कुसुमनं नुसता झोपून काढला. जागी झाली की भिंतीकडं बघे आणि परत डोळा लागे. दुसऱ्या दिवशी दुपारी, डब्यातली पोळी तोडताना, तिला रडू फुटलं. मग ते तिनं आवरलं नाही.

ताई गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी दारात ई-रिक्षा थांबली. वीणा उतरली आणि तिनं साहेबांना हाताला धरून उतरवलं. त्यांना उंबरठ्याचा अंदाज येईना, तेव्हा पद्मिनीकाकूंनी दुसरा हात धरला. सतरंजीवर बसायला त्यांना बराच वेळ लागला. वीणानं त्यांचे बूट भिंतीशी नीट लावून ठेवले आणि स्वतः दाराशी टेकून बसली.

"पुस्तक?" कुसुमनं विचारलं.

"पुढच्या वर्षीच्या यादीत घेऊ म्हणाले." साहेबांनी खांदे उडवले. ते फार थकलेले दिसत होते. "पुढच्या वर्षी मी असलो तर."

कुसुमला वाटलं, आता ते प्रार्थना करतील. त्यांनी केली नाही. आतापर्यंत भेटायला आलेल्या सगळ्यांनी विचारलं होतं की ताईला काय झालं होतं, कुठल्या दवाखान्यात होती, वय किती होतं. साहेबांनी यातलं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "दिसायला कशा होत्या तुमच्या ताई?"

"सावळी," कुसुम म्हणाली. "केस लई होते, शेवटपर्यंत. हसताना तोंडावर हात धरायची, पुढचा दात पडला होता ना. अन् बुटकी. माझ्यापेक्षा मोठी, पण अशी एवढीच."

तिनं हवेत हात धरून उंची दाखवली, आणि मग तिच्या लक्षात आलं. ती सरकून त्यांच्यापाशी गेली, त्यांचा हात मनगटाशी धरला, जमिनीपासून वर नेत नेत एका जागी थांबवला. तळवा पालथा केला.

"एवढी," ती म्हणाली.

साहेबांनी हात तिथंच धरून ठेवला.