आवळीकडची पायवाट

मी येऊरच्या डोंगरातली पायवाट बोलतेय. मला कोणी बांधलं नाही, त्यामुळे माझ्या नावानं कोणी नारळही फोडला नाही. गुरं चरायला निघाली, त्यांच्यामागून मोळ्या विकणाऱ्या बाया निघाल्या, आणि त्यांच्या पायांखाली मी झाले.

माझा सण कार्तिकात. पाऊस सरून गवत पिवळं पडलं की ठाण्यातली पांढरपेशी कुटुंबं वरच्या आवळीखाली जेवायला येत. पुरुष पुढं, तोंडानं वाघ मारत. बायका मागं, लुगड्यात अडकलेली कुसळं काढत. त्यांतली टेंभी नाक्याजवळची सुमती माझी लाडकी. वर्षभर चूल आणि विहीर एवढंच चालणारी ही पोर माझ्यावर आली की पळायची, आवळे वेचायची, मोठ्यानं हसायची.

मग डोंगरावर गाडीरस्ता झाला. त्याच साली तिचे यजमान हरिहरपंत शिरस्तेदार झाले आणि त्यांनी विलायती बूट घेतले. त्या कार्तिकात त्यांची बैलांची दमणी माझ्या तोंडाशी जरा थांबली, तशी सुमती सवयीनं खाली उतरली.

"आई, हिला वर बसायला सांग," पंत म्हणाले. "शिरस्तेदाराच्या घरची माणसं रानातून पायी भटकत नाहीत. यापुढे गाडीनंच यायचं."

सुमतीचं तोंड एवढंसं झालं. सासूसमोर नवऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून ती सासूबाईंकडे वळली.

"सासूबाई, मी आवळीला नवस बोललेय. दर वर्षी अनवाणी चालत येईन म्हणून."

कधी बोलली होती? आत्ताच, गाडीतून उतरताना. पण नवसाला पुरावा मागणारा शिरस्तेदार अजून जन्मायचा होता.

"अगं, मग आधी सांगायचं नाही का?" सासूबाई दचकल्या. "हरी, बूट काढ. नवस जोडीनं फेडायचा असतो."

"अगं आई, पण..."

"आवळी काय तुझ्या कचेरीत अर्ज घेऊन येणारे?"

बूट दमणीतून ऐटीत वर गेले. पंत माझ्यावरून गेले, काट्याकाट्याला देवाचं नाव घेत. सुमती पुढं होती. पदराआड ती हसत होती की रडत होती, ते मला दिसलं नाही. मला पाय तेवढे कळतात, आणि ते नाचत होते.

पुढं बरीच वर्षं ही जोडी येत राहिली. आता दोघंही थकली. बाकीची मंडळी गाडीनं येतात, आवळीखाली उतरतात आणि दमलो म्हणतात. माझ्या अंगावर गवत चढलंय. मला फार एकटं वाटतं.

तुम्हाला चालावंसं वाटत असेल आणि घरचे सोडत नसतील, तर खुशाल एखादा नवस बोला. आवळीची हरकत नाही. मी तिला विचारलंय.