चौदा रात्रींचा जावई

शमुवेल सरांनी लेकीच्या साखरपुड्यातच नियम सांगून टाकला होता: लग्नापर्यंत एडविन आणि एस्तेर भेटतील, पण 'फॉर्टनाइटली'. श्रीगोंद्यात जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाने असला नियम मराठीत सांगणं बरं दिसलं नसतं. एडविनने आपला पंधरवडा धरला आणि सुप्याच्या कंपनीतून सुट्टी काढून पंधराव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, सरांच्या दारात उभा राहिला.

"काल यायचं होतं," सर म्हणाले. "आता पुढच्या खेपेला."

"सर, पंधरवडा आज होतो."

"पंधरवडा तुझा. शब्द इंग्रजांचा. फोर्टीन नाइट्स, चौदा रात्री. जुने इंग्रज दिवस नाही, रात्री मोजायचे."

आत एक पातेलं जोरात आपटलं. एस्तेर काल इस्त्रीचा ड्रेस घालून दिवसभर बसली होती.

दुसरा कोणी असता तर गाडीला किक मारून गेला असता. एडविनला प्रश्न पडला. "रात्रीच का, सर? दिवसांनी काय घोडं मारलं होतं?"

निवृत्तीनंतर सरांना असं कुणी काही विचारलं नव्हतं. ते दारातून जरा बाजूला सरकले. "त्यांचा दिवस रात्रीपासून लागायचा. आपला नाताळ नाही का, आदल्या संध्याकाळीच सुरू होतो."

"म्हणजे रविवारची रात्र सोमवारची?"

"अर्थात."

"मग मागच्या खेपेला मी रविवारी दिवेलागणीनंतर आलो होतो, सर. म्हणजे सोमवारीच की. चौदा रात्री आज भरतात."

सरांनी एका हाताची बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताची. मग एडविनची. "बस," ते म्हणाले.

एडविन बसला. सर मात्र खिडकीतून कारखान्याच्या चिमणीकडे बघत राहिले. सूर्य तिला टेकायला आला होता. "दिवस मावळला की मंगळवार. मग उठायचं. हिशोब तूच काढलाय."

एस्तेर चहा घेऊन आली. 'काल कुठं मेला होतास' असं तिने एडविनला नुसत्या डोळ्यांनी विचारलं आणि वडिलांकडे वळली.

"पप्पा, चौदा रात्रींचा शब्द आहे, तर सात रात्रींचा नव्हता का?"

"होता की! सेनाइट."

"मग तो का गेला? आणि हाच का राहिला?"

सरांचा कप ओठांपाशी थांबला. हे त्यांना माहीत नव्हतं. ते चहा तसाच ठेवून आतल्या खोलीत गेले. मोठा शब्दकोश टेबलावर पडल्याचा आवाज आला, मग पानांचा.

बाहेर मंगळवार लागला.

"तुला खरंच जाणून घ्यायचं होतं?" एडविनने हळूच विचारलं.

"व्हय," एस्तेर म्हणाली. "पण सावकाश सापडू दे."