शेवटची चार मिनिटं

या, बसा. मी एका मराठी सिनेमाची प्रिंट बोलतेय. बारा रिळं, सहा पत्र्याचे डबे, मुक्काम कोथरूडला एका पलंगाखाली. आयुष्यात गिऱ्हाईक फार पाहिलं, म्हणून सांगते.

माझा जन्म त्र्याण्णव सालचा. निर्माती आणि दिग्दर्शिका एकच, सत्यशीलाताई. बँकेतली नोकरी सोडून सिनेमा करायला निघालेली. युनिटचे पोहेसुद्धा तीच करायची. "निर्माती मी, तेव्हा कांदा कापायला दुसरं कोण येणार?"

माझी गोष्ट खडकीत राहणाऱ्या, रंगाच्या कारखान्यात जाणाऱ्या एका बाईची. काम केलं इंदुबाईंनी. त्या नटी नव्हेत, खरोखर कारखान्यात जाणाऱ्या. शेवटची चार मिनिटं त्या फक्त हात धुतात. बाळ रडतंय, पण रंग निघाल्याशिवाय त्याला उचलायचं नाही. संवाद नाही, गाणं नाही, नुसता नळाचा आवाज. ताई म्हणायची, "या चार मिनिटांसाठी बाकीचा सिनेमा केलाय."

पुण्यात मला दुपारी बाराचा खेळ मिळाला, एक आठवडा. घरोघरी नुकती केबल आलेली. थेटरात मोजकी मंडळी, त्यातली निम्मी पंख्याखाली झोपायला.

मग तंबूवाले पोपटशेठ मला जत्रांना घेऊन गेले. माणूस गोड, धंद्याला पक्का. हात धुणं सुरू झालं की लोक उठायचे. तिसऱ्या गावी शेठ ऑपरेटरला म्हणाले, "अरे, पब्लिक काय बाईचे हात बघायला आलंय? काप ते. नाचाचं गाणं जोड." तंबूत ही रीतच होती, कुठल्याही सिनेमाचं गाणं कुठल्याही सिनेमाला. ब्लेड, चिकटपट्टी, काम झालं. कुणी मला विचारलं नाही.

परत आले तेव्हा थेटरात मशीन चालवणारे हुसेनभाई म्हणाले, "ताई, तंबूवरून आलेली प्रिंट एकदा चालवून बघावी."

"कशाला, हुसेनभाई? आपटलेलं पुन्हा मोठ्या पडद्यावर बघू?"

डबे पलंगाखाली गेले. इथंच ताई चुकली.

पुढे आयटी आली. हिंजवडीतल्या कंपन्यांसाठी ताई फिल्मा करू लागली: आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. तिचं सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं काम तेच. तिथं बघायची सक्ती असते ना! दरम्यान मुंबईच्या लॅबमध्ये माझी निगेटिव्ह सडली. इंदुबाई वारल्या. उरले मी एकटी.

दोन हजार बारा साली राजनंदिनी आली. सॉफ्टवेअरमधली पोरगी, फिल्म क्लब चालवणारी, मनानं चांगली. तिनं माझ्यावरून कॉम्प्युटरवर प्रत उतरवून घेतली. जे होतं ते उतरलं. रविवारी सकाळी खेळ ठेवला, माझे डबे झेंडूची माळ घालून हॉलच्या दाराशी मांडले.

पडद्यावर इंदुबाई नळाकडे निघाल्या, आणि एकदम धबधब्याखाली लाल साडीतली नटी नाचायला लागली. शिट्ट्या! टाळ्या!

एक दाढीवाला उठला. "मॅडम, एंडिंग माइंडब्लोइंग! सुचलं कसं?"

ताईनं माईक हातात घेतला. "मला नाही सुचलं. कुणीतरी कापलंय. माझा शेवट हा नव्हे."

हॉल हसला. पुणेरी विनोद वाटला त्यांना.

"मग कसा होता, मॅडम?" राजनंदिनीनं विचारलं.

ताईनं माईक खाली ठेवला आणि उभ्या उभ्या हात धुवायला लागली. पाणी नाही, साबण नाही. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं. पहिल्या मिनिटाला हसू थांबलं. दुसऱ्याला मोबाइल निघाले. तिसऱ्याला हॉलचे व्यवस्थापक आत आले. "अहो बाई, बुकिंग एकपर्यंतचं आहे. हात धुवायला बेसिन बाहेर आहे."

ती प्रत आता इंटरनेटवर आहे, गाण्यासकट. लोकांना फार आवडते म्हणे. ताईनं काढा म्हणून सांगितलं, तर क्लबवाल्यांचं उत्तर आलं, "मॅडम, तोच तर यूएसपी आहे."

माझं काय, वर्षा-दोन वर्षांत माझा चिकट गोळा होईल. तोवर एक विनंती. तुमच्या घरात कुणी पूर्वी जत्रेच्या तंबूवर कामाला असेल, माळ्यावर फिल्मचा एखादा तुकडा पडला असेल, तर उजेडाकडे धरून बघा. बाईचे ओले हात दिसले तर फेकू नका. कळवा. ताई पासष्टीची आहे, गुडघे दुखतात, पण सांगाल त्या गावाला येईल.