चौथं बटण

"चार नंबरचं बटण बिघडलंय का हो? एकदाही दाबलेलं दिसत नाही," मोजणीवाल्यानं दारातच विचारलं, आणि माझं टाळकंच सटकलं. अंगणात दुखऱ्या शेळीचा पाय हातात धरून बसले होते म्हणून बरं, नाहीतर त्याच्या अंगावरच गेले असते.

अख्ख्या गावात आमच्याच टीव्हीला तो काळा डबा. कोण काय बघतं ते मोजायला म्हणे. घरातल्या प्रत्येकाला एक बटण. बघायला बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. एक नंबर सासऱ्यांचा, दोन सासूबाईंचा, तीन नवऱ्याचा, चार माझा. सासरे कुस्ती लावायचे, एक नंबर दाबायचे आणि खुर्चीतच घोरायला लागायचे. त्यांचं घोरणंसुद्धा मोजलं जायचं, बरं का!

आणि मी? मी बसायची कधी? दुपारी टीव्हीवर जनावरांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. सासूबाई खाटेवर झोपल्या की मी दारात उभी राहून बघायची, हातानं शेंगा सोलणं चालूच. खिडकीबाहेर कुंभारीण आणि वेगळी राहणारी माझी धाकटी जाऊ माना उंच करून उभ्या. बटण दाबलं की डब्यावर दिवा लागणार, म्हणजे सासूबाईंसमोर कबूलच करायचं, की सून काम टाकून टीव्ही बघतेय. कोण ऐकून घेणार ती बोलणी? उभ्यानं बघितलेलं बघणं नव्हेच, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरलेलं. मीसुद्धा.

शेळीचा खूर सडायला लागला तर ओळखायचा कसा, ते त्या बाईंनी सांगितलं. तो कापायचा कसा आणि कुठवर, ते पुढच्या वेळी दाखवते म्हणाल्या. पुढची वेळ आलीच नाही. कार्यक्रम बंद! त्या जागी एक नटवी रोज गळा काढून रडायला लागली. इकडे माझी शेळी तीन पायांवर, आणि गुरांचा डॉक्टर म्हणतो, एका शेळीसाठी एवढ्या लांब कोण येतंय?

"का बंद केलात तो कार्यक्रम?" मी मोजणीवाल्याला विचारलं.

"मी कुठं बंद केला, ताई? मी फक्त डबा तपासतो. पण कुणी बघतच नव्हतं ना. तुमच्याच घरचं घ्या. त्या वेळी टीव्ही चालू, आणि समोर माणूस नाही."

"माणूस नाही? मग मी कोण होते? खांब?"

"मग बटण का नाही दाबलं?"

"काय गं," खाटेवरून सासूबाई उठून बसल्या, "परक्या माणसासमोर केवढ्यानं ओरडतेस?"

"ओरडणार! तुमच्याच धाकानं नाही दाबलं मी बटण! मेली शेळी, तर ती तुमच्या धाकानं मेली म्हणेन!"

असं मी त्यांना जन्मात बोलले नव्हते. आता काही खरं नाही, असं वाटलं. पण सासूबाई माझ्याकडं न बघता त्या माणसावर घसरल्या.

"मग मी तरी कुठं दाबलं रे? भिंतीकडं तोंड करून पडायची आणि शब्दन् शब्द ऐकायची. जागी दिसले असते तर ही आत पळाली असती. हिला बघू दे म्हणून झोपेचं सोंग घेतलं मी! लिही, दोघीजणी होतो. बाहेरच्या दोघी धरून चार."

"मागचं भरता येत नाही, आजी," तो चाचरत म्हणाला. "आजपासून दाबत जा."

मला इतका संताप आला, की शेळी सोडून उठले, घरात शिरले आणि चार नंबरवर थाडकन हात मारला. डब्यावर दिवा लागला.

"झालं!" त्याचा चेहरा खुलला. "आली बघा तुमची मोजणी."

वर बघितलं, तर पडद्यावर तीच नटवी हमसून हमसून रडत होती. माझी पहिली मोजणी गेली ती तिच्या खात्यात.

"बंद कर ती रडकी!" सासूबाई कडाडल्या. मी टीव्ही बंद केला. मोजणीवाला मान खाली घालून निघून गेला.

सासूबाई खाटेवरून उतरल्या, माझ्या मागोमाग अंगणात येऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी शेळीला घट्ट धरलं. मी सुरी घेतली. खूर कुठवर कापायचा, ते दोघींनाही माहीत नव्हतं.