कोरडा हात

"नमस्कार. हे मशीन माणसाचा हात ओळखतं. हात खाली असला, तर प्रेस—"

खट्ट.

दरवेळी इथेच. नीला फाळकेचं वाक्य पुरं होण्याआधी प्रेस तिच्या पंजाच्या वर चार बोटांवर थांबायची आणि टाळ्या पडायच्या. ती हे म्हणायची हिंदीत, पण आपण मराठीत सांगू. वाक्य तसंही दोन्ही भाषांत अर्धंच राहायचं.

तर, सुरुवात काकडीपासून.

फरीदाबादच्या पत्र्याच्या कारखान्यात कुणाशी हात मिळवावा, तर समोरच्या पंजात एखादं पेर कमी लागतं. नीला तिथे इंजिनियर म्हणून लागली आणि पहिल्या आठवड्यातच तिला हे लागलं. पत्रा दाबणारी प्रेस माणसाची बोटंही तितक्याच इमानदारीने दाबते. तिने नोकरी सोडली आणि एक स्वस्त पट्टी बनवली. प्रेसला लावायची. जवळ ओलसर, जिवंत काही आलं की प्रेस थांबणार. प्रयोग काकडीवर, कारण काकडीत पाणी हातासारखंच.

सरकार नव्या धंद्यांना देतं त्या सीड ग्रांटसाठी समिती बसली ती जूनमध्ये. काकडी वाचली. तेव्हा एक सदस्य खुर्चीत रेलून म्हणाले, "काकडी तो ठीक है मॅडम. अपना हाथ डालेंगी?"

नीलाला राग आला. रागात तिने हात घातला.

ग्रांट मिळाली. पहिला हप्ता, शिवाय नव्या कंपन्या उबवण्यासाठी सरकारने बांधलेल्या इमारतीत तळमजल्यावर जागा. दारातून आलेल्या प्रत्येकाला आधी तीच दिसेल अशी.

"नमस्कार. हे मशीन माणसाचा—"

खट्ट. (परदेशी पाहुणे.)

"नमस्कार. हे—"

खट्ट. (कॉलेजची मुलं. एकाचा व्हिडिओ नीट आला नाही, म्हणून पुन्हा.)

इमारतीचे मॅनेजर खुराना पाहुण्यांना पायऱ्यांवरूनच सांगत यायचे, "पहले हाथवाला देखते हैं." वरच्या मजल्यावर एक मुलगा रक्त तपासायचं यंत्र करत होता. त्याच्याकडे जायला कुणाला वेळ उरायचा नाही. तो नीलाचा हेवा करायचा. घ्या.

मग थंडी पडली.

डिसेंबरमधल्या एका सकाळी, कुणी नसताना, नीलाने सवयीने हात पुढे केला आणि प्रेस थांबायला हवी तिथे थांबली नाही. तिने हात ओढला. बाही गेली. स्वेटरची लोकर साच्यात चपटी होऊन बसली होती, पापडासारखी.

जूनमध्ये सगळ्यांच्याच तळव्यांना घाम असतो. डिसेंबरमध्ये नसतो. कोरडा हात पट्टीला कधीकधी हातच वाटायचा नाही.

तेव्हापासून पाहुणे यायच्या आधी नीला बेसिनवर जायची, हात भिजवायची आणि न पुसता यायची.

"मग सांग की तसं," आबा म्हणाले. मारुतराव फाळके, निवृत्त सुभेदार, मूळ साताऱ्याकडचे. पेन्शन घेऊन दिल्ली छावणीजवळच राहिलेले. ते उन्हात बसून गाजरं किसत होते.

"सांगितलं तर दुसरा हप्ता थांबतो, आबा. तो आला तर पट्टी दुरुस्त होते. आणि तो येण्यासाठी आधी एका कारखान्यात मशीन बसवून दाखवायचं."

"हेच? बिघडलेलं?"

"हेच."

आबांनी गाजर खाली ठेवलं. "म्हंजे खंदकातनं निघायला शिडी पाहिजे, आन् शिडी मिळणार खंदक आनखी खोदल्यावर."

"बिल्कुल."

"पलटणीत बी असंच. एकदा जो पुढं झाला त्याचाच नंबर रोज. काकडीवर भागत हुतं, हात कशाला घातलास?"

"यार आबा, खीरा बघून कोण पैसे देतं?"

"खीरा नव्हं, काकडी. आन् बापाला यार म्हणू नको."

जानेवारीत मंत्रालयातून एक मोठे साहेब आले. नीला भिजल्या हाताने उभी. "नमस्कार. हे मशीन माणसाचा हात—"

"रुकिए," साहेब म्हणाले. मोठे हौशी. त्यांनी घड्याळ काढून खुरानांकडे दिलं, बाही सारली. "आज हाथ हमारा!"

फोन वर झाले. साहेबांचा हात प्रेसकडे निघाला. पांढरा पडलेला, बोटांच्या पेरांवर भेगा. इतका कोरडा हात नीलाने त्या हिवाळ्यात पाहिला नव्हता.

तिने चावी फिरवून ओढली. प्रेस गप्प.

"सर, कोरड्या हाताला मशीन कधीकधी चुकतं. माझा हात मी भिजवून येते."

म्हणाली. सगळं म्हणाली. तिला मोकळं वाटलंही, पण ते टाळीभर टिकलं. साहेब बाही खाली घेत हसले. "अच्छा? ज़रा ककड़ी डालिए."

काकडी घातली. खट्ट. वाचली. दुसरी. खट्ट. वाचली. काकडी वाचणारच, काकडीत पाणी असतं हे नीला सांगत होती आणि टाळ्यांत ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

"देखा? चलता तो है," साहेब म्हणाले. "बेटी, आत्मविश्वास की कमी है आपमें." आणि घड्याळ घालून वरच्या मजल्याकडे न बघता गेले. वाचलेल्या काकड्या शिपायाने चिरल्या, वर चाट मसाला घातला आणि पाहुण्यांना गाडीपाशी दिल्या.

खुराना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. ते म्हणाले, "मॅडम, गीलेपन की ही बात है ना? तो गुरुवारी कारखानेवाले येतील, तेव्हा पाहुण्यांचे हात दारातच गुलाबपाण्याने धुवायचे. अतिथी सत्कार! फोटो भी अच्छा आएगा."

"आणि कारखान्यात? तिथे कोण गुलाबपाणी घालणार?"

"वो बाद में देखेंगे."

"खुरानाजी, तुम्ही घाला हात. आत्ता. कोरडा."

खुराना हसले. हसता हसता त्यांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात गेले. तिथून त्यांनी मान हलवून शुभेच्छा दिल्या.

गुरुवार.

दारात पितळी झारी. गुलाबाचा वास. पाहुणे हात ओले करून हसत आत येत होते. त्यांत फरीदाबादच्याच एका कारखान्याचे मालकही होते; पहिलं मशीन त्यांच्याकडे बसायचं होतं. जाडजूड, गोड माणूस. येतायेताच म्हणाले, "पोरी, माझ्याकडे चाळीस प्रेस आहेत. आवडलं तर सगळ्यांना लावतो."

चाळीस. खुरानांनी मागून तिला अंगठा दाखवला.

नीला प्रेसपाशी उभी राहिली. सकाळी तिने बेसिनचा नळ उघडला नव्हता. खांद्यावर घरून आणलेला आबांचा टॉवेल होता, पलटणीतला, खरखरीत, वर्षानुवर्षं धुतलेला.

"नमस्कार. हे मशीन माणसाचा हात ओळखतं. हात ओला असला तर."

वाक्य पुरं झालं. खट्ट झालं नाही, कारण हात खाली नव्हताच. कुणी टाळी वाजवायला तळवे उचलले होते, ते तसेच राहिले.

"ओला नसला, तर कधी ओळखतं, कधी नाही. तुमच्या कारखान्यात हात कोरडे असतात." तिने टॉवेल मालकांपुढे धरला. "पुसून घ्या. मग घालून बघा."

खुराना घाईघाईने हसू लागले. "मॅडम मज़ाक कर रही हैं—"

मालकांनी टॉवेल घेतला. एक हात पुसला. मग दुसरा. बोटांच्या मधून पुसलं. मग पुन्हा पहिला. प्रेस वर तोंड उघडून उभी.

नीला वाट बघत राहिली. मालक हात पुसतच होते, आणि टॉवेल काही केल्या परत देईनात.