सरकारी नियमानं

समुद्रपुरात रुख्मिणीच्या आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या घरामध्ये एकच भिंत होती, तीही मातीची. पलीकडं शोभाबाईच्या कुकरची शिट्टी झाली की अलीकडं रुख्मिणी चुलीतली लाकडं उगाच खाली-वर करी. ही शिट्टी आपल्यालाच ऐकवायला वाजते, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. कुकर डाळ शिजली की वाजतो, हे तिला सांगायची घरात कुणाची टाप नव्हती.

शोभाबाईचे यजमान वासुदेवराव पंचायत समितीत कारकून होते. सरकारी माणूस. रुख्मिणीचे यजमान रूपराव मोतीलाल सेठच्या कापड दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढं लुगडी उलगडत. पगार दोघांचेही डोळे दिपवणारे नव्हते, पण वासुदेवरावांना पगाराच्या मागंपुढं जे जे मिळे ते रुख्मिणीला तोंडपाठ होतं. महागाई वाढली की त्यांचा भत्ता वाढे. पोटात दुखलं की रजा मिळे, आणि दुखत नसलं तरी मिळे. औषधाचे पैसे परत येत, दिवाळीला आगाऊ उचल मिळे, आणि वर्षाच्या वर्षाला पगार कुणाचे पाय न धरता आपोआप चढे. रूपरावांना दिवाळीला एक धोतरजोडी आणि रुख्मिणीला एक लुगडं मिळे, तेही सेठच्या पसंतीचं. सेठच्या पसंतीचं म्हणजे जे खपलं नाही ते, असं रुख्मिणी म्हणे, आणि यात ती फारसं खोटं बोलत नव्हती.

रविवारी तर तिला अंगणात पाऊल टाकावंसं वाटत नसे. पलीकडं वासुदेवराव लुंगी लावून बाजेवर पडलेले, शोभाबाई तांदूळ निवडत त्यांच्याशी बोलत बसलेली. नवराबायकोला भर दिवसा बोलायला वेळ मिळतो, हेच रुख्मिणीला अघटित वाटे. मोतीलाल सेठचं दुकान पोळा आणि धुळवड सोडली तर कधी बंद नसे.

या जळफळाटाचं मूळ फार जुनं होतं. वासुदेवराव आधी रुख्मिणीलाच बघायला आले होते. तेव्हा ते जनपदाच्या, म्हणजे पंचायत समितीच्या आधीच्या सरकारी ऑफिसात नुकते चिकटले होते. कॉलर विरलेली, गाल बसलेले, आणि पोह्यांवर असा हात मारला की आतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्याच आठवड्यात रूपरावांचं स्थळ आलं. वयानं मोठे, पण अंगावर दुकानातला कोरा करकरीत सदरा आणि सेठचा उजवा हात म्हणून गावात नाव. रुख्मिणी आईच्या कानाला लागली, "मले तो जनपदवाला नाई पाहिजे." एवढंच बोलली. वडलांनी, म्हणजे नानाजींनी, लेकीचं ऐकलं. आणि चांगलं स्थळ हातचं कशाला घालवा म्हणून दोन वर्षांनी तोच जनपदवाला शोभाला बघून दिला. म्हणजे भिंतीपलीकडचं सगळं सुख हक्कानं रुख्मिणीचं होतं, आणि ते तिनंच स्वतःच्या तोंडानं परत पाठवलं होतं. हे आठवलं की तिला घास गिळवत नसे.

सत्याहत्तर सालच्या डिसेंबरात सरकारी नोकरांनी राज्यभर संप केला. केंद्रातल्या नोकरांएवढा महागाई भत्ता द्या, ही मागणी. वासुदेवराव छातीला बिल्ला लावून वर्ध्याच्या मोर्चाला जाऊन आले. महिना गेला, पगार नाही. दुसरा लागला, तरी नाही. पलीकडच्या चुलीवर कण्या शिजू लागल्या, आणि कुकरची शिट्टी ऐकू येईना तेव्हा रुख्मिणीला बहिणीची माया दाटून आली. ती सुपात ज्वारी आणि तुरीची डाळ घेऊन निघाली. भर दुपारी, सुपावर पदरसुद्धा न घेता, आणि वाटेत दोन घरी थांबून.

"घे वो शोभे, लाजू नोको. आमचं काय, सेठचं दुकान हाय. तिथं संप नाई का फिंप नाई."

"अक्का, तू नसती तं आमी काय केलं असतं?" असं म्हणताना शोभाबाईचे डोळे भरले.

रुख्मिणीचेही भरले. ते आठवडे तिच्या संसारातले सर्वांत सुखाचे होते, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

फेब्रुवारीत संप मिटला. मागणीचं सरकारनं मनावर घेतलं, भत्ता वाढणार असं ठरलं, आणि वासुदेवरावांनी पेढे आणले. शोभाबाईनं पहिला पेढा अक्काच्याच हातावर ठेवला. तो रुख्मिणीच्या घशाखाली उतरेना. दोन महिने घरी बसायचं आणि वर वाढ घ्यायची, हा कुठला न्याय! संध्याकाळी रूपराव जेवायला बसले तेव्हा तिनं विषय काढला.

"तुमी बी संप करा."

"एकट्याचा संप व्हते का वो कुठी?" रूपराव हसले.

"काऊन नाई व्हत? दुकानात गादीवर तुमी एकलेच त हा. तुमी नाई गेले का दुकान बंदच."

"सेठ काय म्हनन?"

"वासुदेवरावजीले सरकारनं काय म्हनलं? देलंच ना वाढवून!"

रूपरावांनी ताटातच हात धुतला आणि विषय संपला असं समजले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं संसार करूनही त्या माणसाला बायको कळली नव्हती. सकाळी उठून पाहतात तो खुंटीवर टोपी नाही. थोरल्या सेठनं, म्हणजे मोतीलालच्या वडलांनी, घालून दिलेली शिस्त अशी की गादीवर बोडक्या डोक्यानं बसायचं नाही, आणि रूपराव तर टोपीशिवाय दुकानाची पायरीही चढत नसत. रुख्मिणीनं ती टोपी ज्वारीच्या कोठीत खोल पुरली होती. रूपरावांनी देव्हारा पाहिला, बाजेखाली पाहिलं, मग मुकाट ओट्यावर बसून राहिले. अशा रीतीनं समुद्रपुरातला पहिला खाजगी संप सुरू झाला.

लग्नसराई तोंडावर होती. खेड्यांवरून बैलगाड्या भरभरून माणसं लग्नाचा बस्ता फाडायला येऊ लागली होती, आणि बस्त्याला आलेला शेतकरी 'रूपरावजी कुठी हाय?' असं विचारूनच जोडे काढी. दोन दिवस मोतीलाल सेठनं एकट्यानं रेटलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले.

"काय झालं जी रूपरावजी? तब्येत?"

रूपराव काही बोलायच्या आत रुख्मिणी दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "तब्येत चांगली हाय. त्याईले सरकारी नियम पाहिजे."

"म्हंजे?"

"म्हंजे आयतवारची सुट्टी पाहिजे. साडेदहा ते साडेपाच काम. बिमारीची रजा, अन् वर्साच्या वर्साले वाढ. भिंतीपल्याड जे हाय ते सारं अल्याड पाहिजे."

रूपराव जमिनीकडं बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. मोतीलाल सेठनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा रुख्मिणीकडं. सेठ माणूस वाईट नव्हता, पण व्यापारी होता. सरकारनं कापसाची खरेदी स्वतःकडं घेतल्यापासून त्यांचा कापसाचा धंदा बसला होता, उरलं होतं ते हे दुकान, आणि अकोल्याचा बहिणीचा कर्ता मुलगा कामाशिवाय घरी बसून होता.

"सारंच सरकारी नियमानं?" त्यांनी सावकाश विचारलं.

"सारंच."

"मंजूर, वहिनी. मंजूर."

इतक्या चटकन होकार येईल असं रुख्मिणीला वाटलं नव्हतं. तिनं कोठीतून टोपी काढली, ज्वारी झटकली, नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली, आणि सेठची पाठ वळते न वळते तोच ती बहिणीच्या घरात होती.

"आता आमी बी सरकारी!" तिनं सगळं सांगून टाकलं.

शोभाबाई मनापासून हरखली. वासुदेवराव मात्र पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "सारंच नियमानं म्हनलं का जी? रूपरावजीचं वय काय झालं असन?"

"वयाचं काय करता?" रुख्मिणी फणकारली. "लगन लावून देता का त्याईचं?"

वासुदेवरावांनी पेपर पुन्हा उचलला. कसं पोटात दुखून राह्यलं पाहा, असं मनाशी म्हणत रुख्मिणी घरी आली, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवण गेलं.

तो मार्च महिना तिनं मिरवण्यात घालवला. रविवारी ती रूपरावांना मुद्दाम अंगणात बाजेवर निजवी आणि स्वतः शेजारी तांदूळ घेऊन बसे. तांदूळ आधीच निवडलेले असत. रूपरावांना काही हे मानवेना. साडेपाचला घरी यायचे आणि येरझाऱ्या घालायचे. दिवेलागणीची गिऱ्हाइकी सोडून आल्यामुळं त्यांच्या हातांना चैन पडत नसे. सेठनं संध्याकाळसाठी आणि रविवारसाठी अकोल्याचा भाचा आणून बसवला होता. त्याला माल दाखवायची जबाबदारी रूपरावांचीच होती, आणि ती त्यांनी मन लावून पार पाडली. लुगड्याचा काठ गिऱ्हाइकाकडं कसा धरायचा इथपासून कुठल्या गावाला कोणता रंग चालतो इथपर्यंत सगळं त्याला सांगून टाकलं.

महिना संपत आला तेव्हा सेठचा निरोप आला. एकतीस तारखेला संध्याकाळी दुकानात चहा-चिवडा आहे, वहिनींनी यावं, वासुदेवरावजींनाही आणावं. रुख्मिणीला वाटलं, सेठ वाढ जाहीर करणार. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. शोभाबाईचं डोकं दुखत होतं, तरी तिला ओढत नेलं. ज्या बहिणीसमोर आपण इतकी वर्षं जळलो, तिनं हे डोळ्यांनी बघायलाच हवं होतं.

दुकानात जाजम अंथरलं होतं. शेजारचे चार दुकानदार आले होते. मोतीलाल सेठनं रूपरावांना गादीवर मधोमध बसवलं, हार घातला, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. मग हात जोडून उभे राहिले.

"रूपरावजी आमच्या बाबूजीकडे चौदा वर्साचे असताना आलते. त्याच साली माहा जन्म. मी याईच्या कडेवर खेळलो. आज मले चव्वेचाळीस झाले, म्हंजे याईले अठ्ठावन. आता दुकान सरकारी नियमानं चालते, अन् सरकारात अठ्ठावन झाले का मानूस मोकळा. आजपासून रूपरावजीनं आराम करावं." त्यांनी एक पाकीट पुढं केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रूपराव उठून उभे राहिले. हार गळ्यात तसाच. त्यांनी फळ्यांवरच्या थप्प्यांकडं पाहिलं, मग रुख्मिणीकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली बसले.

"अन् पेन्शन?" रुख्मिणी भर सभेत ओरडली. "सरकारात पेन्शन भेटते!"

टाळ्या थांबल्या. सेठ जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी 'सारंच' म्हनलं खरं, पन पेन्शनचं नाव तुमी नाई काढलं. काढलं असतं तं मी तिथंच नाई म्हनलो असतो, अन् रूपरावजी उद्या बी गादीवर असते. एवढ्याशा दुकानातून पेन्शन कुठून देऊ?"

पेन्शन तिला सुचलीच नव्हती. पेन्शन घरी बसणाऱ्याला मिळते, आणि रूपराव कधी घरी बसतील हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. शोभाबाईनं तिचा हात धरला. तो रुख्मिणीनं हिसडून टाकला.

दोन दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच जाऊन उभी राहिली. भाचा गादीवर बसून लुगड्याचा काठ गिऱ्हाइकाकडं धरून होता, अगदी बरोबर. रुख्मिणीनं सेठपुढं पदर पसरला. "नियम नोको, सुट्टी नोको, काईच नोको. त्याईले फक्त बसू द्या."

"बसाले केव्हा बी येऊ द्या, वहिनी. चहा घेऊ संगं," सेठ म्हणाले. "पन कामावर कसा घेऊ? आता जागा भरली."

ती घरी आली तेव्हा रूपराव ओट्यावर बसले होते. ती कुठं गेली होती हे त्यांना ठाऊक होतं. "काय म्हनलं सेठनं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात अजून आशा होती.

तेवढ्यात पलीकडून वासुदेवराव सायकल घेऊन घाईघाईत बाहेर आले. "लय उशीर झाला जी आज," ते चालता चालता म्हणाले, "साहेब बोंबलते आता." आणि टांग टाकून निघून गेले. रूपराव ते वळणाआड होईपर्यंत बघत राहिले.

त्या माणसाच्या भत्त्याचा रुख्मिणीनं हेवा केला होता, रजेचा केला होता, रविवारचा तर जन्मभर केला होता. आज तिला त्याच्या उशिराचा हेवा वाटला, त्याच्यावर बोंबलायला कुणी बसलं आहे याचा हेवा वाटला, आणि ती ओट्याखालीच उभी राहिली.